शांत घर भाड्याने

नवरा, बायको आणि सासूबाई घर बघायला गेले तेव्हा घरमालक दारापर्यंत कधी आले हे तिघांपैकी कोणालाच कळलं नाही. बेल वाजली, आतून पावलांचा आवाज नाही, कडीचा नाही, आणि दार उघडून एक स्वच्छ, नीटनेटके, साठीचे गृहस्थ हसत उभे. पायांत जाड लोकरीच्या सपाता. सासूबाईंनी तिथल्या तिथे त्यांचं बारसं केलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आपण हळू बोलतोय की मोठ्यानं याचा अंदाज त्यांना नसतो.

"मांजरपावले दिसतायत," त्या सुनेच्या कानाशी कुजबुजल्या, आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

घरमालक नुसते हसले. त्या दिवसापासून ते घरात मांजरपावलेच झाले. त्यांचं खरं आडनाव भाडेकरारावर असेल तेवढंच.

घर म्हणजे एका जुन्या मोठ्या घराचा अर्धा भाग होता. उरलेल्या अर्ध्यात मांजरपावले एकटे राहत. दोन्ही भागांना जोडणारं एक दार पूर्वी होतं. ते काढून त्या जागी प्लायवूड ठोकलं होतं आणि भिंतीच्याच रंगानं रंगवून टाकलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तरच चौकट दिसे. सगळीकडे फिनेलचा वास होता. त्यांच्या बाजूचा एक पंखा सतत घरघरत हवा बाहेर फेकत होता. तेवढं सोडलं तर आवाज म्हणून नाही.

"सुई पडली तरी ऐकू येईल," नवरा खूश होऊन म्हणाला. तो इमारतींचे नकाशे काढायचा, घरीच बसून, कानांवर हेडफोन चढवून.

"मला आवाजाचा त्रास होतो," मांजरपावले म्हणाले. "म्हणून माणसं पारखून घेतो. लहान मुलं नाहीत ना? छान. आणि आजींना ही आतली खोली द्या. सगळ्यांत शांत आहे." त्यांनी बोट दाखवलं ती खोली प्लायवूडच्या भिंतीची होती.

सुनेला ते आवडलं. ती इस्पितळात कान तपासायची. दिवसभर आवाजबंद खोलीशेजारी बसून लोकांच्या कानांत बारीक बारीक सूर सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं, हे तिचं काम. सासूबाई तिला 'आमची कानवाली' म्हणत, आणि ती चेष्टा की कौतुक हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. या कामात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस ऐकायला बसला की काहीतरी ऐकतोच. सूर सोडलेला नसतानाही लोक बटण दाबतात. लबाडी म्हणून नाही, त्यांना खरोखरच वाटतं. त्यामुळे कोणी काही ऐकलं म्हणालं, की ते खरं धरायच्या आधी ती दोनदा तपासायची.

राहायला आल्यावर थोड्याच दिवसांनी सासूबाई सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "त्या भिंतीत कोणीतरी खोकतं गं."

"कोण, मांजरपावले?"

"छे. खूप जण."

नवऱ्यानं मान वर केली.

"खोकतं म्हणजे कसं, आई?" तिनं विचारलं.

सासूबाईंनी विचार केला. "घसा बसलेली माणसं एकदम काहीतरी सांगायला लागली तर कसं होईल? तसं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याच्या मामाचं असंच सुरू झालं होतं. आधी भिंतीतून गाणी ऐकू यायला लागली, मग घरातली माणसं अनोळखी झाली. तो रात्री बायकोला म्हणाला, "तूच बघ काय ते. तुझ्याच खात्यातलं आहे."

तिनं बघितलं. भिंतीला कान लावला, काही नाही. सासूबाईंना इस्पितळात नेऊन पुन्हा तपासलं. कान होते तसेच होते. ऐकू न येणाऱ्या कानाला मेंदू आपल्या पदरचा आवाज पुरवतो, हे ती रोज कोणाला ना कोणाला समजावून सांगायची. तेच तिनं सासूबाईंना सांगितलं, मायेनं, हात हातात घेऊन. मग त्यांचं कानातलं मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि त्यात एक गाळणी बसवली. बारीक, सततचा, फुसफुसणारा आवाज आला की मशीननंच तो दाबून टाकायचा.

"गेलं?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"गेलं," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण ते गेले कुठं?"

नवऱ्यानं 'गेलं' एवढंच ऐकलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

कुत्री आणायची कल्पना तिचीच. सासूबाई दिवसभर एकट्या. मुलगा घरात असून नसल्यासारखा, कारण तो हेडफोनच्या आत. गावाबाहेर सोडून दिलेल्या कुत्र्यांचा एक निवारा होता. एका रविवारी दोघी तिथे गेल्या.

आत पाऊल टाकलं आणि एवढा गलका झाला की सासूबाईंनी दोन्ही मशीनं काढून पर्समध्ये टाकली. निवारा चालवणाऱ्या बाई उंच, घोगऱ्या आवाजाच्या होत्या. त्या बादली घेऊन पुढे चालत होत्या आणि खांद्यावरून ओरडून माहिती देत होत्या. हा लग्नात भेट मिळाला होता, घटस्फोटानंतर दोघांनाही नको झाला. ही मोठी झाल्यावर सोफ्याच्या रंगाला शोभेना. ते तिघे भाऊ, आईबाप सख्खी भावंडं, तिघांचीही कंबर जन्मतःच निखळलेली.

शेवटच्या जाळीमागे एक बुटकी, तपकिरी कुत्री उभी होती. इतरांसारखीच तीही भुंकत होती. मान झटकत होती, तोंड उघडत होती, पोट आत जात होतं. आवाज येत नव्हता. फक्त श्वास, तोही अगदी जवळ गेल्यावर. कानवालीच्या अंगावर काटा आला. मूक चित्रपट बघताना येत नाही, पण शेजारचा माणूस अचानक मुका झाला तर येईल, तसा.

"स्वरतंतू कापलेत," बाई बादली खाली ठेवत म्हणाल्या. "पैदास करणारे करतात. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. ही पिल्लांचं मशीन होती हो. एक वेत झालं की दुसरं. आचळं बघा, जमिनीला टेकतायत. दात बघा, तार चावून चावून झिजलेत. निरुपयोगी झाली तेव्हा पोत्यात घालून कालव्याच्या रस्त्याला टाकली."

"लोक अशांकडून पिल्लं घेतात तरी कशी?"

"त्यांना कुठं माहीत असतं? फोनवर फोटो बघायचा, कुठल्यातरी चौकात भेटायचं, टोपलीतून पिल्लू उचलायचं. आई दाखवा असं कोणी म्हणत नाही. तेवढं एक जरी विचारलं ना, तरी माझे निम्मे पिंजरे रिकामे होतील."

सासूबाई मशीनशिवाय उभ्या होत्या. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या जाळीपाशी वाकल्या. "हिला घेऊ," त्या म्हणाल्या.

"आई, हिला आवाज नाहीये." तिनं खुणेनं सांगितलं.

"मला आत्ता कोणाचाच येत नाहीये. मला सगळी सारखीच."

निवाऱ्याचा नियम असा होता की पहिला महिना कुत्रं पाहुणं म्हणून न्यायचं. जमलं तर ठेवायचं, नाही तर परत. म्हणून सासूबाईंनी तिचं नाव पाहुणी ठेवलं. घरमालकांची परवानगी फोनवर घेतली. कुत्रं म्हटल्यावर 'भुंकतं का?' एवढंच त्यांनी विचारलं.

"मुकी आहे," तिनं घाईनं सांगितलं.

"असं?" मांजरपावले म्हणाले. "मग माझी हरकत नाही."

येताना पाहुणी गाडीत खिडकीबाहेर बघत बसली होती. गल्लीच्या वळणावर तिनं नाक वर केलं आणि दुसऱ्या क्षणी ती सीटखाली सपाट झाली. एखाद्या फडक्यासारखी. नवऱ्याला बाहेर बोलावून तिला उचलूनच आत न्यावं लागलं आणि उंबरा ओलांडताना तिनं त्याच्या शर्टवर मुतून घेतलं.

"शुभशकुन," सासूबाई म्हणाल्या.

घरात ती फिरायची, पण पुढच्या मोठ्या खोलीतही तिला फिरायला एका चटईएवढीच जागा लागे. चार पावलं, वळण, दोन पावलं, वळण. समोर मोकळी फरशी असली तरी तिथे काहीतरी आहे असं धरून ती वळायची. कानवालीनं एकदा त्या नसलेल्या भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि स्वतःलाच हसली.

मग पाहुणीला सासूबाईंची खोली सापडली. तिथल्या प्लायवूडला ती कपाळ टेकून उभी राहायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, म्हणजे जेव्हा पलीकडे मांजरपावल्यांची बादली वाजायची त्याच्या थोडं आधी. उभी राहायची, आणि तोंड उघडून भुंकायची. मग थांबायची, कान पुढे करून. मग पुन्हा. कोणी मध्ये बोलत असेल तर त्याला बोलू देऊन मग आपण बोलावं, तसं.

"कोणाशी बोलते ही?" नवरा म्हणाला. त्याला ते बघवत नसे. "आईचं एक कसंबसं थांबलंय, त्यात ही त्याच भिंतीला जाऊन चिकटते. आई परत सुरू करेल. आणि रंग बघ, नखांनी पार खरवडून काढलाय. मांजरपावले काकांना काय सांगू?"

"मी सांगेन."

"तू दिवसभर घरी नसतेस. मला बघावं लागतं. मला भीती वाटते गं तिची."

तो मोठा माणूस खरोखर घाबरलेला होता, आणि तिला त्याचा रागही येईना.

काकांना काही सांगावं लागलं नाही. सुट्टीच्या दिवशी, सगळे पुढच्या खोलीत असताना, ते आत आलेले होते. दार उघडंच होतं. "भिंतीला ओरखडे पडलेत असं वाटलं," ते म्हणाले. कुठून वाटलं, हे त्या गडबडीत कोणी विचारलं नाही, कारण पाहुणीनं तेवढ्यात विलक्षण काहीतरी केलं.

ती उठली, चालत खोलीच्या मध्ये आली आणि आपणहून टीपॉयवर चढली. चारही पाय फाकवून, मान वर करून, ताठ उभी राहिली. डोळे समोर, कुठेच न बघणारे. शोकेसमधल्या बाहुलीसारखी. मांजरपावल्यांनी बोलता बोलता तिच्यावर हात फिरवला. आधी पोटाखालून, मग ओठ वर करून हिरड्या, मग अंगठा गळ्यावर, आवंढ्याच्या जागी, जरासा दाबून. गॅस बंद आहे ना हे घराबाहेर पडताना माणूस न बघता चाचपतो, तसं. त्यांचं लक्ष नवऱ्याशी बोलण्यात होतं. हात आपलं काम करत होता.

"वळण चांगलं आहे," ते म्हणाले.

"आमच्याकडे तर उभीही राहत नाही," नवरा थक्क होऊन म्हणाला.

"जनावराला माणूस कळतो. तुम्हाला जड जात असेल तर मला द्या. मी एकटाच असतो. सोबत होईल."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. कानवालीनं विरोध केला. पाहुणीनं टीपॉयवर लघवीचा थेंबही सांडला नव्हता, ती हललीही नव्हती, हे चांगलं लक्षण नाही, असं ती म्हणाली. पण तिच्याकडे पुरावा काही नव्हता, आणि पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी कुत्री घेऊन जावी असं ठरलं. सासूबाईंनी पाहुणीला टीपॉयवरून उतरवलं तेव्हा ती लाकडासारखी कडक होती.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात एक बेकरीवाला आला. त्याला मशीन देऊन पंधरवडा झाला होता.

"फरक?" तिनं नेहमीसारखं विचारलं.

"मशीन घातलं की डोक्यातली शिट्टी जाते, मॅडम. रात्री काढून ठेवलं की लगेच हजर."

"तसंच असतं. तो आवाज तुमच्या आतला आहे. बाहेरचं ऐकू यायला लागलं की तो दबतो."

हे वाक्य ती आठवड्यातून कितीदा म्हणत असेल. आज ते म्हणून झालं आणि तिचा हात कळफलकावर तसाच राहिला. सासूबाईंचं उलटं होतं. त्यांना भिंतीतला खोकला मशीन घातल्यावर यायचा. काढलं की जायचा. रात्री कधीच नाही. त्यांनी हे सांगितलंही होतं. तिनंच ते टिपून घेतलं होतं आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. आतला आवाज मशीननं वाढत नाही. मशीन वाढवतं ते बाहेरचं. आणि सासूबाईंचं मशीन बारीक, फुसफुसणारे आवाज इतके वाढवत होतं, की त्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच ऐकू येत नव्हतं.

त्यांना ऐकू येत होतं, आणि तिनं गाळणी लावून ते बंद केलं होतं.

बेकरीवाल्याला तिनं सहकाऱ्याकडे सोपवलं, लॅपटॉप आणि मशीन तपासायची रबरी नळी पिशवीत टाकली आणि घरी आली. ही नळी डॉक्टरांच्या नळीसारखीच असते. एक टोक मशीनला लावायचं, दुसरी दोन आपल्या कानांत, म्हणजे मशीनला काय ऐकू येतं ते आपल्याला कळतं.

नवरा हेडफोन लावून स्क्रीनवर जिने काढत होता. पाहुणीचं ताट, चादर, सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं.

"आई, मशीन द्या जरा."

सासूबाईंनी काढून दिलं. तिनं ते लॅपटॉपला जोडून गाळणी काढली, मशीनला नळी जोडली आणि ती प्लायवूडपाशी बसली. पाहुणी आधीच तिथे होती.

पहिल्यांदा स्वतःच्याच कपड्यांची सळसळ ऐकू आली, समुद्राएवढी. मग पाहुणी भुंकली. नळीतून ऐकला तेव्हा तो आवाज तिला पहिल्यांदाच कळला. फाटलेला, सुका, घशाच्या तळातून खरवडून काढलेला. हाऽ. हाऽ.

पाहुणी थांबली. कान पुढे.

आणि भिंतीतून उत्तर आलं. हाऽ. एक. मग त्याच्या मागे दुसरं, खालच्या बाजूनं. मग वरून, छताजवळून. मग सगळीकडून. किती होते हे तिला मोजता येईना. एकावर एक रचलेले घसे, सगळे एकाच जागी कापलेले, सगळे एकच गोष्ट सांगत असलेले. घसा बसलेली माणसं एकदम काहीतरी सांगायला लागली तर. तिनं कानांतून नळी काढली. खोलीत शांतता होती. उन्हाचा एक पट्टा सासूबाईंच्या पलंगावर पडला होता आणि घड्याळ टिकटिकत होतं. नळी पुन्हा लावली. ते होतेच.

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिनं त्यांचं मशीन त्यांच्या कानात बसवलं. त्यांनी क्षणभर ऐकलं.

"आले परत," त्या म्हणाल्या.

"गेलेच नव्हते, आई."

तिनं निवाऱ्यातल्या बाईंना फोन केला. बाईंनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "सरकारी माणसं घेऊन निघते. तोवर दोन गोष्टी. कुत्री हातातून जाऊ द्यायची नाही. आत गेली की ती पुन्हा दिसणार नाही. आणि त्याला वास लागू द्यायचा नाही. लागला तर मागच्या दारानं सगळं रिकामं करेल. एकदा पोहोचलो होतो आम्ही असे. धुतलेली फरशी मिळाली."

फोन ठेवून ती वळली, तर पुढच्या खोलीत मांजरपावले उभे होते. हातात नवा कोरा पट्टा.

"काका आलेत," नवरा म्हणाला. हेडफोन त्यानं गळ्यात उतरवले होते. "पिशवी भरून ठेवलीय बघा."

"आज नको," ती म्हणाली. "उद्या न्या."

"का?"

खरं सांगता येत नव्हतं, आणि खोटं बोलण्याचा सराव नव्हता. "तिला ताप आहे."

"मी बघतो," मांजरपावले म्हणाले. "जनावरांच्या दवाखान्यात होतो मी बरीच वर्षं." आणि त्यांनी टीपॉयवर दोन बोटं हलकेच वाजवली.

आतल्या खोलीतून पाहुणी आली. थरथरत होती, पण येत होती. पाय तिचे नव्हतेच जणू. तिनं पुढचा पंजा टीपॉयवर ठेवला.

त्याच वेळी मागून आलेल्या सासूबाई सोफ्यावर बसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही पाय, चपलांसकट, टीपॉयवर पसरले.

"गुडघे फार धरलेत हो," त्या म्हणाल्या.

टीपॉयवर जागा उरली नाही. पाहुणीनं एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. कुठं चढावं हे तिला कळेना. मग ती खाली बसली, सासूबाईंच्या साडीला अंग चिकटवून.

"आजी," मांजरपावले हसून म्हणाले, "मी हिला घेऊन जातोय."

"काय?"

"हिला नेतोय."

"ओठ हलताना दिसतायत तुमचे. जरा मोठ्यानं बोला."

कानवालीनं बघितलं. मशीन सासूबाईंच्या कानात होतं, हिरवा दिवा लागलेला.

"ठरलंय आमचं. तुमच्या मुलाशी."

"माझ्या मुलाचं काय?"

"आई, काका म्हणतायत की–"

"तू मध्ये बोलू नकोस, बाळ. ते एवढे बोलतायत, त्यांना बोलू दे. बोला हो. लाजू नका."

मांजरपावल्यांनी पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ते पुढे वाकले आणि पाहुणीच्या गळ्याकडे हात नेला. सासूबाईंनी तो हात पकडला, प्रेमानं, दोन्ही हातांनी, म्हाताऱ्या बायका पकडतात तसा. म्हणजे सोडवून घेता येत नाही.

"आमच्या कानवालीनं मशीन बिघडवून ठेवलंय बघा. अगदी काही म्हणजे काही कळत नाही. कानाशी नको, कानाशी आलं की शिट्टी मारतं. तिथूनच बोला, पण पोटातून बोला. माणसाचा आवाज कसा असावा? आमचे हे बोलायचे तर तीन घरं ओलांडून–"

"सोडा."

"काय?"

"हात सोडा आणि कुत्री द्या!"

त्यांचा आवाज असा असेल हे कोणालाच वाटलं नव्हतं. तो मोठा होता, जाड होता, हुकूम देण्याची सवय असलेला. तो खोलीतून गेला, आतल्या खोलीतून गेला आणि भिंतीच्या पलीकडे पोहोचला.

पलीकडे काहीतरी आपटलं.

मग दुसरं. मग लोखंडी जाळ्या एकदम खणखणल्या, वरपासून खालपर्यंत, जसं कोणी भांड्यांचं अख्खं कपाट धरून हलवावं. घसे नव्हते म्हणून ते अंगानं उत्तर देत होते. सासूबाईंच्या खोलीतलं प्लायवूड आतल्या बाजूला फुगलं, रंगाखालची जुनी चौकट तडकून दिसायला लागली आणि रंगाचे पापुद्रे पलंगावर पडले. माणसाचा एक शब्द नाही, भुंकणं नाही, कण्हणं नाही. फक्त धडका. पाहुणीनं कान मागे टाकले आणि डोळे मिटून घेतले.

मग सगळं एकदम थांबलं. शिक्षा काय आहे याची वाट बघावी, तसं.

नवरा पांढराफटक पडला होता. "हे काय होतं?"

"पाण्याची लाईन आहे," मांजरपावले म्हणाले, पुन्हा हळू आवाजात. "हवा अडकते."

"काका," नवरा म्हणाला. त्याला शब्द सापडत नव्हते, पण सापडले. "पाण्याची लाईन तुमच्या आवाजाला घाबरते?"

सासूबाईंनी हात सोडला. मांजरपावल्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, सावकाश, पारखून घ्यावं तसं, आणि ते निघाले. त्यांच्या जाण्याचा आवाज झाला नाही.

"मागचं दार!" ती ओरडली. नवऱ्यानं काय, का, काही विचारलं नाही. हेडफोनची वायर तोडून तो तसाच अनवाणी पळाला आणि त्यांच्या परसदारी जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. ती त्यांच्या पुढच्या दाराशी गेली. आतून कोणी हळूच कडी काढून बघितली, ती दिसली, कडी पुन्हा लागली. गाड्या येईपर्यंत ती तिथून हलली नाही. पूर्ण वेळ दाराच्या फटीतून फिनेलचा वास येत होता, आणि त्याच्या खालून दुसरा, जो फिनेल झाकत होतं.

माणसं आली. बाई आल्या. मांजरपावल्यांनी दार उघडून सगळ्यांना आदरानं आत घेतलं आणि सपाता काढून बूट घातले. ते गाडीत बसताना बुटांचा आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला.

पिंजरे जमिनीपासून छतापर्यंत होते. कुत्री बाहेर आणून अंगणात ठेवली तेव्हा संध्याकाळचं ऊन होतं, आणि त्यांनी ते पूर्वी पाहिलं नसावं. ती चालली नाहीत. ज्याला जिथे ठेवलं तिथे ते पाय फाकवून, मान वर करून उभं राहिलं. अंगणभर तपकिरी, ताठ, न हलणारी कुत्री. निवाऱ्यातल्या बाई एरवी शिव्यांशिवाय बोलत नसत, त्या आज एकेकाला उचलून गप्प गाडीत ठेवत होत्या.

नवरा आईजवळ येऊन उभा राहिला. "आई, मी तुला–"

"काय? मोठ्यानं बोल."

त्यानं बायकोकडे बघितलं. मग खाली बसून पाहुणीच्या पाठीवर हात ठेवला. आपणहून असा पहिल्यांदाच. पाहुणी कडक झाली. त्यानं हात काढला नाही, हलवलाही नाही. "ही कुठं जात नाहीये," तो म्हणाला, पुरेशा मोठ्यानं.

समोरच्या घरातली बाई फाटकाशी आली होती. गल्ली आता सगळी बाहेर होती. हळहळ चालली होती. एवढा सभ्य माणूस, एवढं स्वच्छ घर, कधी चकार आवाज नाही.

"ही सगळी आता निवाऱ्यात ना?" समोरच्या बाईनं विचारलं. "एक मला द्याल? माझ्या मनात फार दिवसांचं आहे."

"ये, बघ," निवाऱ्यातल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर केस चिकटले होते. "पण आधी ऐक. जिना चढता येणार नाही त्यांना. गवत माहीत नाही. वर्षभर घरात मुतेल, दारामागे लपेल. महिनाभर पाहुणं म्हणून ने, मग सांग."

"चालेल की. आणि भुंकत नाहीत, नाही का? एकही?"

"नाही."

"तेच म्हणते मी. बघा ना, एवढी सगळी, आणि काही त्रास नाही." तिनं आपल्या घराकडे बघितलं. गच्चीवर तिचा स्वतःचा कुत्रा मघापासून गाडीवर भुंकत होता, जीव तोडून. तिनं आवाज खाली आणला. "अहो, हे असं कुठं करून मिळतं? आमच्या याचं?"

कानवाली आणि बाई, दोघींनी तिच्याकडे बघितलं. ती चांगली बाई होती. सासूबाईंना एकदा रस्ता ओलांडून देणारी. तिच्या चेहऱ्यावर नुसती चौकशी होती.

निवाऱ्यातल्या बाईंनी गाडीचं मागचं दार लावलं आणि कडी घातली. चालक अजून बाहेर सह्या करत होता, इंजिन बंद होतं, गल्लीत वाराही नव्हता. गाडी हलत होती.